पाकिटावरचा क्यूआर, खोक्यावरचा क्यूआर

गावात क्यूआर कोड दिसला की माणूस आधी फोनपे उघडतो. चहाची टपरी, भाजीचा गाडा, पिठाची गिरणी, यात्रेतली दानपेटी, सगळीकडे तोच काळा-पांढरा चौकोन चिकटलेला. त्यामुळे चौकोन म्हणजे पैसे, हे डोक्यात पक्कं बसलंय. हळदीच्या पाकिटावर पहिल्यांदा क्यूआर छापणाऱ्या बचत गटाला गिऱ्हाईक हमखास विचारतं, “ताई, हळदीचे पैसे तं दुकानात देले, आता हे आणखी काऊन मागून राह्यले?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पेमेंट ॲपमधून असा कोड स्कॅन केला तर ॲप बहुधा ‘कोड चालत नाही’ म्हणून मोकळं होतं आणि गिऱ्हाईक तुमच्या पाकिटालाच नावं ठेवतं. म्हणून कोडच्या शेजारी एक ओळ मराठीत छापा: ‘हा पैसे देण्याचा कोड नाही. मोबाइलचा कॅमेरा धरा आणि ही हळद कुठली ते पाहा.’ कोड कितीही चांगला काढा, ही ओळ नसेल तर आपल्या भागात तो निम्म्या लोकांसाठी वाया गेला असं समजा.

पैशांपलीकडचे क्यूआरही आपल्याकडे आलेले आहेतच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘साथी’ पोर्टलमुळे बियाण्याच्या पिशवीवर क्यूआर दिसू लागला. बोगस कपाशी बियाण्यानं पोळलेल्या यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, कापूस गाठींवरही तो असतो. हा लेख मात्र लहान माणसासाठी आहे: हळद, तिखट, जवसाची चटणी, मूगवड्या, मध, मोहाचे लाडू विकणारे बचत गट, नवी शेतकरी उत्पादक कंपनी, किंवा घरूनच पार्सलं पाठवणारे.

आधी यंत्र समजून घ्या, थोडक्यात

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत तयार झाला, तो मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. पेमेंट वगैरे फार नंतरचं. कंपनीनं पेटंटची वसुली केली नाही, म्हणून कोड बनवायला कोणालाही एक पैसा द्यावा लागत नाही. ‘लायसन्स फी’ मागणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कोडमध्ये असतात फक्त अक्षरं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, पान नाही. बहुतेक वेळा ती अक्षरं म्हणजे एखाद्या पानाचा पत्ता, लिंक. अक्षरं वाढली की घरं, म्हणजे कोडमधले बारीक काळे-पांढरे ठोकळे, वाढतात: सर्वांत लहान कोड २१ गुणिले २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७. घरं वाढली की तेवढ्याच जागेत प्रत्येक घर बारीक होतं आणि साध्या मोबाइलला ते वाचता येत नाही. पुढचे बरेचसे सल्ले या एका गोष्टीतून निघतात.

दुसरं असं की कोडमध्ये दुरुस्तीची सोय असते. एल, एम, क्यू आणि एच अशा चार पातळ्या. अनुक्रमे साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. पाकिटासाठी एम पुरते. पोत्यावर किंवा घासाघीस होणाऱ्या खोक्यावर क्यू घ्या. एच घेऊन मधोमध लोगो बसवायची हौस सुरुवातीला नको.

पायरी १: कोड कोणासाठी ते ठरवा

पाकिटावरचा कोड गिऱ्हाइकासाठी असतो, खोक्यावरचा तुमच्यासाठी. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच कोडमध्ये दोन्ही कोंबायचा प्रयत्न केला की घोळ होतो.

गिऱ्हाइकाला कळायला हवं की माल कुठला, कोणी केला, कसा वापरायचा आणि पुन्हा हवा असेल तर कोणाला सांगायचं. तुम्हाला कळायला हवं की हे खोकं कोणत्या ऑर्डरचं, त्यात काय भरलं आणि ते गेलं की नाही. आणि खरं सांगायचं तर महिन्याला आठ-दहाच पार्सलं जात असतील तर खोक्यावर क्यूआरची काही गरज नाही. स्केच पेनानं ठळक नंबर लिहा आणि वहीत टिपा. पार्सलं इतकी झाली की वहीत बोट फिरवून नंबर शोधावा लागतो, तेव्हा कोडचा विचार करा.

पाकिटावरचा कोड मात्र पहिल्या दिवसापासून कामाचा. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात तुमची हळद घेतलेली बाई सहा महिन्यांनी पुन्हा हळद शोधते, तेव्हा तिच्या हातात फक्त रिकामं होत आलेलं पाकीट असतं.

पायरी २: कोडच्या मागे काय ठेवायचं

सगळ्यात जास्त डोकं इथेच लावा. लोक आधी कोड बनवतात, छापतात आणि मग ‘यात काय टाकायचं’ म्हणून विचारतात. उलट करायचं. आधी पान, मग कोड.

सर्वांत सोपा रस्ता व्हॉट्सॲपचा. वेबसाइट नको, खर्च नाही. ‘डब्ल्यूए डॉट मी’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा अंकी नंबर, की झाली लिंक. स्कॅन करणाऱ्याच्या फोनवर थेट तुमची चॅट उघडते. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’सकट ही लिंक बरोबर २६ अक्षरांची होते आणि एम पातळीला २५ गुणिले २५ घरांच्या लहानशा कोडमध्ये नेमकी बसते. एवढा सुटसुटीत कोड जुन्या मोबाइलवरही पटकन उघडतो.

इथे एक मोह होतो. चॅट उघडली की आपोआप ‘नमस्कार’ लिहून यावं म्हणून तो शब्द लिंकला जोडतात. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ इंग्रजी अक्षरांत मोडलं जातं. ‘नमस्कार’मध्ये जोडाक्षराचा हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरं झाली. जोडायची सहा धरून लिंक ९५ वर जाते आणि कोड २५ वरून ४१ गुणिले ४१ घरांचा होतो. एका नमस्कारापायी कोड इतका दाट करायचा का, ते तुम्हीच ठरवा. मी करणार नाही. फार वाटलं तर इंग्रजी अक्षरांत ‘हळद’ एवढा शब्द टाका.

व्हॉट्सॲप बिझनेस स्वतःचाही क्यूआर देतं. तो वापरायला हरकत नाही, पण सेटिंगमध्ये ‘रीसेट’चं बटण असतं. गटातल्या कोणाच्या हातून ते दाबलं गेलं की जुना कोड मेला आणि छापलेली सगळी पाकिटं मुकी झाली. नंबरची लिंक नंबर चालू आहे तोवर चालते. फक्त तो नंबर गटाचा असू द्या, अध्यक्षताईंच्या मुलाचा नको. मुलगा नोकरीला पुण्याला गेला की नंबरही त्याच्यासोबत जातो.

दुसरा रस्ता स्वतःच्या पानाचा. गुगल साइट्ससारख्या फुकट सोयीवर एक पान होऊ शकतं, किंवा वर्षाला पैसे भरून स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेता येतं. पानावर जास्त काही नको: मालाचं नाव, गाव-तालुका, गटाचा एक फोटो, वापरायची रीत, साठवण, संपर्क. फोटो १००-२०० केबीपर्यंत आणून टाका, मोबाइलमधून काढलेला चार-पाच एमबीचा तसाच चढवू नका. तुमचं गिऱ्हाईक धारणीत किंवा भामरागडात कमजोर नेटवर्कवर उभं असेल तर ते पान उघडेपर्यंत थांबायचं नाही.

फोटोंचा अल्बम किंवा ड्राइव्हवरची पीडीएफ यांची लिंक थेट कोडमध्ये घालू नका. लिंक लांबलचक असते, परवानगी बंद राहिली तर गिऱ्हाइकाला ‘ॲक्सेस मागा’ असा फलक दिसतो, आणि फाइल हलवली की सगळंच संपतं.

आता सापळा. इंटरनेटवर ‘फुकट क्यूआर’ म्हणून शोधलं की बऱ्याच साइट तुम्हाला ‘डायनॅमिक’ कोड देतात. त्यात तुमची लिंक नसतेच. त्यांची लिंक असते आणि ती तिथून तुमच्या पानावर ढकलते. सोय खरी आहे, कारण छापल्यानंतरही मागचं पान बदलता येतं. पण चाचणीची मुदत संपली, किंवा वर्गणी थकली, की कोड उघडल्यावर त्या कंपनीची जाहिरात नाहीतर ‘कोड बंद आहे’ अशी सूचना दिसते. तोवर पाकिटं दुकानात गेलेली असतात. नवख्यानं ‘स्टॅटिक’, म्हणजे थेट आपलीच लिंक असलेला, कोडच घ्यावा. पान बदलायची सोय हवी असेल तर स्वतःच्या डोमेनवर पत्ता कायम ठेवा आणि त्या पत्त्यावरचा मजकूर बदलत राहा.

डोमेन घेतलं तर ते माल बाजारात असेपर्यंत जिवंत ठेवावं लागतं. हाइन्झसारख्या कंपनीचंही यात हसं झालं आहे. जर्मनीत एका स्पर्धेसाठी केचपच्या बाटलीवर क्यूआर छापला होता. स्पर्धा संपली, डोमेनची मुदत संपली, ते दुसऱ्याच कोणी घेतलं आणि २०१५ मध्ये एका गिऱ्हाइकानं बाटली स्कॅन केली तर अश्लील साइट उघडली. हळद वर्षभर टिकते आणि कपाटात त्याहून जास्त राहते. डोमेनचे पैसे कोण, कोणत्या महिन्यात भरणार, हे गटाच्या ठरावात लिहून ठेवा.

लिंक न घालता सगळी माहिती मराठीतच कोडमध्ये भरली तर? इंटरनेटशिवायही वाचता येईल, हे खरं. पण साठ चिन्हांचा मराठी मजकूर, म्हणजे जेमतेम पत्त्याच्या दोन ओळी, १८० बाइटचा होतो आणि कोड ५३ गुणिले ५३ वर जातो. तेवढ्या दोन ओळी सरळ पाकिटावर छापा. त्या वाचायला मोबाइल लागत नाही.

पायरी ३: कायद्यानं लागतं ते छापा, कोडमध्ये लपवू नका

‘लेबलवर जागा नाही, बाकी क्यूआरमध्ये टाकू’ हा विचार डोक्यातून काढा. वैधमापन शास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आणि अन्नसुरक्षेचे २०२० चे लेबलविषयक विनियम जे तपशील मागतात ते पाकिटावर डोळ्यांना दिसले पाहिजेत. मालाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, तयार करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, बॅच नंबर, घटक पदार्थ, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी क्रमांक, तक्रारीसाठी फोन. काही तपशील क्यूआरमध्ये टाकायची सवलत २०२२ मध्ये दिली होती, पण ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना, तिखट-हळदीला नव्हे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एफएसएसएआयनं डोळ्यांनी दिसत नसलेल्यांना माहिती मिळावी म्हणून खाद्यपदार्थांवर क्यूआर द्यावा, अशी शिफारस केली. ते छापील माहितीसोबत, तिच्याऐवजी नाही. तुमच्या पानावर मजकूर फोटोच्या रूपात न टाकता अक्षरांतच टाकलात तर मोबाइल तो वाचून दाखवू शकतो. जास्तीचं काही करावं लागत नाही.

मॉलवाले किंवा मोठे दुकानदार ‘८९० वाला’, म्हणजे ८९० नं सुरू होणारा, बारकोड मागतात, तो वेगळा. उभ्या रेघांचा तो क्रमांक जीएसवन इंडियाकडे नोंदणी करून पैसे भरून मिळतो. तुमचा क्यूआर त्याची जागा घेत नाही. आणि वायगावची हळद, भिवापूरची मिरची ही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली नावं आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तरच ती लेबलवर आणि पानावर वापरा.

पायरी ४: कोड तयार करा

डीटीपीवाल्याकडे जात असाल तर त्याच्या कोरलड्रॉमध्येच क्यूआर बनवायची सोय असते. घरी लॅपटॉप असेल तर लिबरऑफिस आणि इंकस्केप या फुकट प्रोग्राममध्येही आहे. या तिन्हींत कोड स्टॅटिक होतो आणि रेषा धारदार राहतात. क्रोममधूनही उघड्या पानाचा क्यूआर निघतो, पण त्याच्या पोटात क्रोमचा डायनोसॉर बसलेला असतो. हळदीवर त्याचं काय काम?

फाइल पीडीएफ किंवा एसव्हीजी घ्या. छापखान्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो, घरांच्या कडा पुसट होतात आणि छापखानेवाला तोच ताणून मोठा करतो.

डीटीपीवाल्याला तीन गोष्टी निक्षून सांगा. कोडच्या चारही बाजूंना चार घरांएवढी कोरी पांढरी जागा सोडायची. त्यात चौकट, वेलबुट्टी, ‘शुद्ध’ असा शिक्का, काहीही येऊ द्यायचं नाही. कोड आडवा किंवा उभा ताणायचा नाही. आणि रंग: पांढऱ्यावर काळा. गडद तपकिरी किंवा गडद हिरवाही चालतो. हळद आहे म्हणून पिवळा कोड चालत नाही. काळ्या पट्ट्यावर पांढरा कोड दिसायला छान दिसतो, पण काही मोबाइल तो वाचतच नाहीत.

पायरी ५: आकार आणि छपाई

हातात धरून पाहायच्या पाकिटावर दोन सेंटीमीटर बाय दोन सेंटीमीटर, ही किमान मर्यादा समजा. दुरून स्कॅन व्हायचा असेल तर अंतराचा दहावा भाग: प्रदर्शनातल्या स्टॉलचा फलक दोन मीटरवरून स्कॅन करायचा तर कोड वीस सेंटीमीटरचा.

सुरुवात करताना छापील पाउच करू नका. छपाईचे सिलिंडर बनवून रंगीत पाउच छापायचे तर एकदम हजारोंनी घ्यावे लागतात, आणि मग नंबर बदलला तर पोतंभर पाउच घरात पडतात. नागपूरला इतवारीत साधे कोरे पाउच घ्या आणि स्टिकर लावा. पारदर्शक पाउच असेल तर स्टिकरचा तळ पांढराच असला पाहिजे. तिखटाच्या लाल रंगावर थेट छापलेला काळा कोड मोबाइलला धड दिसत नाही.

लेबलचा छोटा थर्मल प्रिंटर घेणार असाल तर एक गणित कामाला येईल. बहुतेक साधे प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरला आठ डॉट. कोडचं प्रत्येक घर पूर्ण डॉटमध्ये बसवा. सहा डॉटचं घर धरलं तर ते पाऊण मिलिमीटरचं होतं. २९ घरांचा कोड आणि दोन्ही बाजूंची चार-चार कोरी घरं मिळून ३७ घरं, म्हणजे पावणेअठ्ठावीस मिलिमीटर. प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये कोड बोटानं ओढून मोठा-लहान केला की घर साडेपाच-पावणेसहा डॉटचं होतं, कडा दातेरी येतात आणि ‘प्रिंटर खराब आहे’ म्हणून भांडण सुरू होतं.

थर्मलचे दोन प्रकार. रिबन नसलेला, म्हणजे डायरेक्ट थर्मल, हा उष्णतेनं काळा होणाऱ्या कागदावर छापतो. कुरियरच्या लेबलला तो ठीक, कारण काम आठवड्याभरात संपतं. पाकिटाला नाही. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना पत्र्याच्या गोदामात किंवा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत तो कागद करपून काळवंडतो, आणि उन्हात ठेवला तर फिका पडतो. तेलकट बोट लागलं तरी उडतो. जवसाचं तेल किंवा खोबऱ्याची चटणी विकणाऱ्यांनी तर त्याच्या नादी लागूच नये. महिनोन्‌महिने टिकायचं लेबल रिबनवाल्या प्रिंटरवर किंवा छापखान्यात करा, आणि पावसाळ्यात दमट जागी ठेवायचा माल असेल तर कागदाऐवजी प्लास्टिकचं स्टिकर घ्या.

जागा निवडताना पाकीट भरून पाहा. रिकाम्या पाउचवर सपाट दिसणारी जागा माल भरल्यावर फुगते, तळाशी घडी पडते. मागच्या बाजूला, झिपच्या खाली, वरच्या निम्म्या भागात कोड बहुतेक वेळा सपाट राहतो. मधाच्या बाटलीवर रुंदीकडे लक्ष द्या: समोरून पाहिलं तर पूर्ण कोड एका नजरेत दिसला पाहिजे, गोलाईवर वळून मागे गेलेला नको.

पायरी ६: बॅच, म्हणजे खरं तर वही

प्रत्येक बॅचला नवा क्यूआर छापायचा खटाटोप सुरुवातीला नको. एक माल, एक कायमचा कोड. बॅच नंबर आणि तारीख शिक्क्यानं किंवा छोट्या कोडिंग यंत्रानं वेगळी मारा. पानावर बॅचचा तक्ता ठेवा.

तक्ता वहीतूनच येतो. बॅच नंबर, कोणाकोणाच्या शेतातली हळद, कधी शिजवली, किती दिवस वाळवली, पॉलिश कुठे झालं, दळली कधी, किती पाकिटं भरली, कोणत्या दुकानात किती गेली. दळणाच्या दिवशीच हे लिहायचं, हिशेबाच्या दिवशी आठवून नाही. एखाद्या पाकिटात जाळी निघाल्याची तक्रार आली तर त्या बॅचची बाकीची पाकिटं कुठे आहेत, हे या वहीतूनच सापडतं. वही नसेल तर पाकिटावरचा क्यूआर नुसती रांगोळी.

शेतकऱ्याचं नाव पानावर टाकायचं तर त्याला विचारून टाका. फोन नंबर आणि सातबारा तर टाकूच नका. ‘समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची हळद’ एवढंही पुरतं.

पायरी ७: खोक्यावरचं लेबल

इथे नियम उलटा: कोडमध्ये कमीत कमी. फक्त तुमचा ऑर्डर नंबर. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, रक्कम, काहीच नाही. क्यूआरमधला मजकूर गुप्त नसतो. खोकं ज्याच्या हातात जाईल तो स्कॅन करून वाचू शकतो. नाव-पत्ता पोस्टमनसाठी छापील असतोच, पण कोणी काय आणि कितीचं मागवलं हे रस्त्याभर उघडं करायचं कारण नाही. बाकी तपशील तुमच्या वहीत किंवा गुगल शीटमध्ये ऑर्डर नंबरासमोर. भरताना एकदा स्कॅन, गाडीत चढवताना एकदा. दोन्ही खुणा आल्या नाहीत तर खोकं घरातच राहिलंय.

तुमचा कोड कुरियरच्या बारकोडपासून दूर लावा, जमल्यास खोक्याच्या दुसऱ्या बाजूला. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी भारताची दोन अक्षरं. केंद्रावर मशीन किंवा माणूस तोच वाचतो. शेजारी दुसरा कोड असला की नको तोच वाचला जायची शक्यता.

जुनी खोकी वापरताना जपा. किराणा दुकानातून आणलेल्या बिस्किटाच्या खोक्यावर त्याचा ८९० चा बारकोड असतो, कधी जुन्या कुरियरचं लेबलही. ते सोलून काढा किंवा त्यावर पूर्ण कागद चिकटवा.

ऑनलाइन बाजारपेठ किंवा कुरियर कंपनी लेबलची पीडीएफ देते ती बहुधा चार बाय सहा इंचाची. छापताना ‘फिट टू पेज’ नको, ‘ॲक्चुअल साइझ’ ठेवा. लेबल सर्वांत मोठ्या सपाट बाजूला, खोक्याच्या सांध्यावर नाही. बारकोडवरून सेलोटेप ओढू नका. टेप चमकते, आणि डायरेक्ट थर्मल असेल तर टेपच्या गोंदानं छपाईही उडते. पावसाळ्यात पूर्ण लेबल पारदर्शक पाकिटात सरकवलेलं बरं.

पत्ता मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा. शेवटच्या टोकाचा माणूस मराठी वाचतो, पण नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या गाडीतला वाचेलच असं नाही. परत येणारं पार्सल घरी पोचावं म्हणून आपला विदर्भाचा ४४ नं सुरू होणारा पिनकोड ठळक हवा. ‘मारुतीच्या पाराजवळ’ एवढाच पत्ता असलेल्यांसाठी टपाल खात्याचा डिजिपिन आहे. २०२५ मध्ये आलेला हा दहा चिन्हांचा क्रमांक साधारण चार बाय चार मीटरची जागा दाखवतो. तो पिनकोडसोबत लिहायचा, पिनकोड गाळून नव्हे.

एसटीच्या पार्सलनं किंवा ट्रॅव्हल्सनं माल जात असेल तर तिकडे तुमचा कोड कोणी स्कॅन करणार नाही. तिथे गाडी नंबर, उतरवायचा थांबा आणि घेणाऱ्याचा फोन हे हाताएवढ्या अक्षरांत लिहा. मार्करच तिथे कामाचा.

पायरी ८: छापायच्या आधी तपासा

स्क्रीनवर स्कॅन झाला म्हणजे झाला, असं नाही. ज्या कागदावर आणि ज्या आकारात छापणार तसा एक नमुना काढा, भरलेल्या पाकिटाला चिकटवा. गटातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर स्कॅन करा. दुपारच्या उन्हात, संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली, आणि हळदीचा हात लागल्यावरही. वायफायवर नाही, गावातल्या नेटवर्कवर. लिंक उघडली म्हणून थांबू नका, व्हॉट्सॲपचा निरोप खरंच गटाच्या फोनवर येतो का ते पाहा. एक अंक चुकलेला असला तर चॅट उघडतेच, फक्त दुसऱ्याच कोणाची.

पैशांच्या कोडबद्दल दोन शब्द

यूपीआयचा कोड पाकिटावर छापू नका. पाकीट दुकानदाराकडून विकलं जातं, त्यानं पैसे घेतलेले असतात, मग तिथे तुमचा कोड कशाला? थेट पाठवलेल्या मालाच्या बिलावर टाका, खाली गटाचं नाव छापून, म्हणजे पैसे देणाऱ्याला स्क्रीनवरचं नाव जुळवता येतं. स्टॉलवरचा कोड सकाळी मांडताना स्वतः स्कॅन करून पाहा. वरून दुसऱ्याचं स्टिकर चिकटवायचे प्रकार होतात. आणि ‘मोठी ऑर्डर देतो, ॲडव्हान्ससाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला की तो ठेवून द्या. पिन टाकला की पैसे जातात. पैसे यायला पिन लागत नाही.

नंबर किंवा लिंक बदलली तर

जुन्या लेबलचा रोल उरलेला असतो आणि तो फेकवत नाही. मग कोडवर पेनानं फुली मारून बाजूला नवा चिकटवतात. फुलीनं कोड मरत नाही, दुरुस्तीची सोय असल्यामुळे मोबाइल तो तसाच वाचतो आणि गिऱ्हाईक जुन्याच नंबरवर जातं. जुन्या कोडपेक्षा थोडं मोठं कोरं पांढरं स्टिकर घ्या आणि नवा कोड त्यावरच छापून जुन्यावर बरोबर बसवा. तेवढी सोय नसेल तर कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांपैकी किमान दोन काळ्या मार्करनं पूर्ण भरून टाका, कोड वाचला जात नाही ना ते मोबाइलनं पाहा, आणि मगच ती पाकिटं दुकानात द्या.